विश्वास, कर्मे आणि एकाच मेजावरची जागा

माणसाचे तारण विश्वासाने होते की सत्कर्मांनी, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मविचारात जितका जुना आहे तितकाच तो चुकीच्या जागी लढवला गेला आहे, असे माझे मत आहे. प्रश्न या शब्दांत मांडला की उत्तर देणारा आपोआप दोनपैकी एका पक्षात जाऊन बसतो. एक पक्ष बायबलच्या नव्या करारातली, प्रेषित पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेली पत्रे पुढे करतो, दुसरा त्याच करारातले याकोबाचे पत्र आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय पुढे करतो, आणि वचनाला वचन भिडवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते. ही वचने ज्या प्रसंगांतून उमटली ते प्रसंग मात्र बाजूला पडतात. ते समोर ठेवून वाचले, तर पौल आणि याकोब एकमेकांचे प्रतिवादी न ठरता एकाच अन्यायाला दोन बाजूंनी अडवणारे साक्षीदार ठरतात. देवापुढे कोणाचेही पारडे जन्माने, धनाने किंवा पुण्याईने जड होत नाही, हे दोघांचेही मूळ म्हणणे आहे. कृपेची शिकवण आणि कर्मांची मागणी या दोन्ही गोष्टी तिथूनच निघतात. बिघाड होतो तो त्या भलत्यालाच सांगितल्या जातात तेव्हा, म्हणजे खचलेल्या माणसापुढे कर्मांची यादी ठेवली जाते आणि सुखवस्तू माणसाला कृपेचा दिलासा दिला जातो तेव्हा.

पहिला प्रसंग सूरिया प्रांतातल्या अंत्युखिया शहराचा आहे. तिथल्या मंडळीत यहूदी विश्वासणारे आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेले, विश्वासणारे एकत्र जेवत असत, आणि येशूचा शिष्य पेत्रही त्यांच्यात बसून जेवत असे. मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही जण आले आणि सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या भीतीने पेत्र हळूहळू मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहूदीही सरकले, आणि परराष्ट्रीयांमध्ये पौलाच्या बरोबरीने काम केलेला बर्णबासुद्धा त्यांच्यामागे गेला. पौलाने सगळ्यांसमक्ष पेत्राला तोंडावर जाब विचारला. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ही हकिगत आहे, आणि तिला लागूनच ते प्रसिद्ध विधान येते की माणूस मोशेच्या नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे तर येशू ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो. पुढे ज्या सिद्धांतावर ग्रंथांचे ढीग रचले गेले तो या पत्रात जेवणाच्या मेजावरून कोण उठून गेले या तक्रारीच्या पोटी आलेला आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. पेत्राने तोंडाने कोणताही चुकीचा सिद्धांत सांगितला नव्हता. त्याने फक्त जागा बदलली होती. पण त्या जागा बदलण्यातून परराष्ट्रीय बांधवांना जो निरोप मिळाला तो स्पष्ट होता: ख्रिस्ताने तुम्हांला स्वीकारले असेल, पण आमच्या पंक्तीला बसायचे तर आधी आमच्यासारखे व्हा.

म्हणून पौल जेव्हा ‘नियमशास्त्राची कर्मे’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम सुंता, अन्नाचे निर्बंध, सणवार पाळणे अशा यहूदी आणि बिगरयहूदी यांच्यात रेघ ओढणाऱ्या गोष्टी आहेत. १९७७ साली ई. पी. सँडर्स या अभ्यासकाने पहिल्या शतकाच्या आसपासचे यहूदी लिखाण बारकाईने तपासून दाखवून दिले की त्या काळचा यहूदी धर्म पुण्याची कमाई करून स्वर्ग मिळवण्याचा धर्म नव्हता. देवाने आपल्या कृपेने करार केला आणि नियमशास्त्र पाळणे हे त्या करारात टिकून राहण्याचे उत्तर आहे, अशी तिथली समजूत होती. ख्रिस्ती उपदेशकांनी शतकानुशतके यहूदी धर्माचे जे विद्रूप चित्र रंगवले त्याला या अभ्यासाने योग्य चपराक बसली, आणि ती बसायलाच हवी होती. तरीही एवढ्यावर थांबून पौलाचा मुद्दा केवळ सामाजिक सीमारेषांपुरता होता असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो मजुरी आणि दान यांतला फरक सांगतो: काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, ती उपकार नव्हे, परंतु देव तर अधर्म्याला नीतिमान ठरवतो. इथे प्रश्न सुंतेपलीकडे गेला आहे. यहूद्यांचा मूळ पुरुष अब्राहाम याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला तेव्हा त्याची सुंता झालेली नव्हती; उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात विश्वास आहे आणि सतराव्यात सुंता. जो क्रम अब्राहामाच्या बाबतीत, तोच सर्वांच्या बाबतीत. देवापुढे मांडायला कोणाच्याही हातात काही नाही, आणि ज्याच्या हातात काहीच नाही त्यालाही मेजावर तीच जागा आहे.

आता याकोबाचे पत्र घ्या. विश्वास आणि क्रिया यांचा उतारा दुसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या ओवीपासून सुरू होतो आणि वाद घालणारे बहुधा तिथूनच वाचायला लागतात. पण अध्याय सुरू होतो तो वेगळ्याच दृश्याने. सभेत दोन माणसे येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी आहे आणि अंगावर भपकेदार पोशाख. दुसरा दरिद्री, मळकट कपड्यांतला. पहिल्याला सांगितले जाते, आपण इथे चांगल्या जागी बसा. दुसऱ्याला सांगितले जाते, तू तिथे उभा राहा, नाहीतर इथे माझ्या पायाशी बस. याकोब विचारतो की ख्रिस्तावरील विश्वास आणि हा पक्षपात एकत्र कसे नांदतील? त्यानंतर तो उघड्या, रोजच्या अन्नाला महाग झालेल्या भावाचे किंवा बहिणीचे उदाहरण देतो. त्यांना कोणी ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा’ असे म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावले तर त्या शब्दांचा काय उपयोग? तसाच क्रियांवाचून असलेला विश्वास निर्जीव. एक देव आहे असे तर भुतेही मानतात आणि थरथर कापतात.

अंत्युखियाचे मेज आणि याकोबाच्या सभेतली बैठक शेजारी ठेवून पाहिली की वादाचा सूरच बदलतो. दोन्हीकडे तक्रार एकच आहे: देवाने ज्याला आत घेतले त्याला माणसांनी खालच्या जागी बसवले. पौलाच्या समोरचे लोक आपल्या धर्माचरणाच्या बळावर दुसऱ्याला दूर ठेवत होते, म्हणून तो त्यांना म्हणतो की तुमची कर्मे इथे चालणार नाहीत. याकोबाच्या समोरचे लोक आपल्या विश्वासाच्या बळावर गरिबाला पायाशी बसवत होते, म्हणून तो म्हणतो की तुमचा विश्वास इथे चालणार नाही. अंत्युखियाला आलेली माणसे याकोबाकडची होती ही गोष्ट मी लपवत नाही, आणि परंपरा ज्याच्या नावावर हे पत्र सांगते तो तोच प्रभूचा भाऊ याकोब होय. या दोघांत ताण नव्हताच असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण ताण असणे वेगळे आणि दोन निरनिराळी शुभवर्तमाने असणे वेगळे.

याचा सर्वांत मोठा पुरावा खुद्द पौलाच्याच लेखणीतून मिळतो. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्यासाठी, लोक जमत तेव्हा सुस्थितीतले लोक आपले जेवण आधीच उरकून घेत. एक जण उपाशी राही आणि दुसरा मद्याने तर्र होई. पौल त्यांना लिहितो की तुम्ही एकत्र येऊन जे खाता ते प्रभुभोजनच नव्हे. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता. अंत्युखियात ‘कर्मांवाचून’ म्हणणारा हाच पौल करिंथात याकोबाच्या शब्दांत बोलतो, कारण इथे समोरचे लोक बदललेले आहेत. ज्याच्याजवळ डोंगर हलवणारा विश्वास आहे पण प्रीती नाही तो काहीच नाही, असेही तो याच मंडळीला लिहितो, आणि गलतीकरांना तो प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाविषयी सांगतो. अब्राहामाचेही तसेच आहे. पौल त्याच्या आयुष्यातली उत्पत्ती १५ मधली घडी दाखवतो, जिथे म्हातारा, निपुत्रिक अब्राहाम तारे पाहून वचनावर भरवसा ठेवतो. याकोब उत्पत्ती २२ मधली घडी दाखवतो, जिथे तो इसहाकाला घेऊन डोंगर चढतो. मध्ये कितीतरी वर्षे गेली आहेत. पहिल्या घडीला जो विश्वास गणला गेला तोच दुसऱ्या घडीला पूर्णतेस आला, असे याकोब स्वतःच म्हणतो.

यानंतर सरळ सोळाव्या शतकात उतरतो. मधल्या काळात धर्मपंडित ऑगस्टीनने, माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने नीतिमान होऊ शकतो असे शिकवणाऱ्या पेलेगियसविरुद्ध, कृपेचा पक्ष मांडला आणि ५२९ साली ऑरेंजच्या धर्मसभेने देवाकडे वळण्याची पहिली हालचालसुद्धा कृपेनेच होते असे ठरवले. मध्ययुगातील चर्च कर्मांनी तारण शिकवत होते हा सरसकट आरोप म्हणूनच खरा नाही. पण कागदावरची शिकवण आणि बाजारातला व्यवहार यांत अंतर पडले होते. दंडमाफीची पत्रे ही मुळात पापाची क्षमा नव्हतीच. क्षमा झालेल्या पापासाठी भोगावयाच्या शिक्षेत सूट, एवढाच त्यांचा शास्त्रोक्त अर्थ होता. १५१७ च्या सुमारास जर्मन मुलखात योहान टेट्झेल ती विकत होता तेव्हा गोळा होणाऱ्या पैशाचा एक वाटा रोममधील संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामाला जायचा होता आणि दुसरा माइन्त्सचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याने पद मिळवण्यासाठी फुग्गर पेढीकडून काढलेल्या कर्जाच्या फेडीला. मेलेल्या आईबापांच्या काळजीने व्याकूळ झालेला गरीब माणूस आपली तुटपुंजी जमा त्या पेटीत टाकत होता.

या विक्रीविरुद्ध जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने मांडलेल्या पंचाण्णव प्रबंधांबद्दल सगळे बोलतात, पण त्यांतले त्रेचाळिसावे आणि पंचेचाळिसावे विधान फार थोडे जण सांगतात. गरिबाला देणारा किंवा गरजूला उसने देणारा माणूस दंडमाफी विकत घेणाऱ्यापेक्षा चांगले काम करतो, असे पहिल्यात आहे. गरजूला पाहून जो पुढे निघून जातो आणि तोच पैसा दंडमाफीवर खर्च करतो, तो देवाचा क्रोध विकत घेतो, असे दुसऱ्यात आहे. म्हणजे ज्या कागदापासून धर्मसुधारणेची सुरुवात मानली जाते त्यातच गरिबाच्या वाट्याचा प्रश्न ठळकपणे मांडलेला आहे. १५२० साली ल्यूथरने लिहिले की ख्रिस्ती माणूस सर्वांचा स्वतंत्र धनी आहे, कोणाच्याही अधीन नाही. आणि तोच सर्वांचा सेवक आहे, सर्वांच्या अधीन आहे. या दोन वाक्यांत मला विश्वास आणि कर्मे यांचे सर्वांत नेमके नाते दिसते. ज्याला स्वतःच्या तारणाचा हिशेब जुळवायचा उरलेला नाही तोच शेजाऱ्याकडे शेजारी म्हणून पाहू शकतो. नाहीतर उपाशी माणूसही पुण्य मिळवण्याचे साधन होऊन बसतो, आणि दान घेणाऱ्याला ते बरोबर कळते.

पण याच ल्यूथरने १५२२ च्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताचे पत्र म्हटले, आणि तिथे तो चुकला असे मी स्पष्ट म्हणेन. ते वाक्य त्याने पुढच्या आवृत्त्यांत ठेवले नाही, तरी शिक्का बसायचा तो बसला. विक्रीला काढलेल्या पुण्याविरुद्ध लढताना त्याला पौलाचे शस्त्र हवे होते आणि ते त्या घडीला योग्यच होते. चूक झाली ती एका प्रसंगाचे औषध सर्व प्रसंगांना लागू करण्यात. रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १३ जानेवारी १५४७ रोजी दिलेल्या निर्णयाचेही दोन भाग आहेत. कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असे म्हणणाऱ्याला ती सभा पहिल्याच कलमात दोषी ठरवते. केवळ विश्वासाने, इतर कशाच्याही सहकार्यावाचून, नीतिमान ठरतो असे म्हणणाऱ्याला नवव्यात. त्याच वर्षी जिनीव्हाचा धर्मसुधारक कॅल्व्हिन याने उत्तर दिले की नीतिमान ठरवतो तो केवळ विश्वासच, पण नीतिमान ठरवणारा विश्वास कधी एकटा नसतो. दोन्ही बाजू किती जवळ येऊन उभ्या होत्या हे आज वाचताना दिसते. तेव्हा मधे राजसत्ता, सैन्ये आणि जाळलेली माणसे होती.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लूथरन जागतिक महासंघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणवत्तेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो आणि तोच आपल्याला सत्कर्मांसाठी सिद्ध करतो, हे त्यांनी एकमुखाने मान्य केले. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या) मंडळ्यांच्या जागतिक संस्थाही तिच्यात सामील झाल्या. कृपेनंतरच्या कर्मांना ‘पुण्य’ म्हणावे की ‘फळ’, हा मतभेद शिल्लक आहे. मला तो दोन्ही बाजू मानतात तेवढा मोठा वाटत नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेने तर तारणाकडे न्यायालयातील निकालापेक्षा देवाच्या जीवनात सहभागी होणे म्हणून पाहिले, आणि त्यामुळे हा वाद तिच्यात पश्चिमेसारखा कधी पेटलाच नाही.

विधानावर एकमत झाले म्हणून प्रश्न सुटला असे मात्र नाही, आणि इथे मला एक कठीण उदाहरण द्यावे लागेल. दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीत डच रिफॉर्म्ड चर्च होते. कृपेनेच आणि विश्वासानेच तारण, या शिकवणीबाबत ते चर्च अत्यंत काटेकोर होते. १८२९ साली त्याच्या धर्मसभेने ठरवले की प्रभुभोजन वर्णाचा भेद न करता सर्वांना एकत्र दिले जावे. १८५७ साली त्याच धर्मसभेने, एकत्र उपासना हेच शास्त्राला धरून आहे असे मान्य करूनही, ‘काही जणांच्या दुर्बलतेमुळे’ काळ्या आणि मिश्रवर्णीय विश्वासणाऱ्यांसाठी वेगळी उपासना चालवण्यास परवानगी दिली. दुर्बलता म्हणजे गोऱ्या सभासदांना इतरांच्या शेजारी बसून भाकर आणि द्राक्षारस घेणे जड जात होते ती. १८८१ साली वेगळे मिशन चर्चच स्थापन झाले, आणि पुढे वर्णभेदाच्या राजवटीला धर्माचा जो आधार मिळाला त्याचा पाया या वेगळ्या मेजाने घातला. सिद्धांतात एका अक्षराची चूक नव्हती. पेत्राच्याही सिद्धांतात नव्हती. पौलाच्या कसोटीला लावले तर त्या चर्चने विश्वासाने नीतिमान ठरण्याची शिकवण दर रविवारी सांगितली आणि दर प्रभुभोजनाला नाकारली. १९८२ साली त्याच वेगळ्या काढलेल्या मिशन चर्चने बेल्हार येथे विश्वासाचा जाहीरनामा तयार केला आणि १९८६ साली तो स्वीकारला. माणसांची वंशावरून जबरदस्तीने केलेली ताटातूट शुभवर्तमानाचाच इन्कार करते, असे त्यात सांगितले आहे. ज्यांना मेजावरून उठवले गेले होते त्यांनीच कृपेचा अर्थ उठवणाऱ्यांना समजावून सांगितला.

असाच दाखला अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीचा. १६६७ साली तिथल्या विधिमंडळाने कायदा केला की बाप्तिस्मा घेतल्याने गुलामाच्या स्थितीत काहीही फरक पडत नाही. आत्म्याचे तारण एकीकडे आणि माणसाचे मोल दुसरीकडे, अशी फाळणी कायद्याच्या भाषेत करून मालकांची काळजी मिटवली गेली. जर्मन धर्मपंडित डिट्रिख बॉनहोफरने १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपा’ म्हणून ज्या गोष्टीचा धिक्कार केला ती हीच: पश्चात्तापावाचून क्षमा आणि शिष्यत्वावाचून कृपा. नाझी सत्तेपुढे मान तुकवणाऱ्या चर्चला विरोध करणाऱ्यांच्या बाजूने उभे राहून त्याने ते लिहिले होते, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छावणीत त्याला फाशी देण्यात आली.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल की मग कर्मांचीच शिकवण द्यावी, कृपेचे नाव काढू नये. तसे केले तर दुसऱ्या टोकाचा अन्याय होतो. आयुष्यभर व्यसनाशी झगडून पुन्हा पुन्हा कोसळलेला माणूस, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, मनाच्या आजाराने ग्रासलेला तरुण, यांच्यापुढे कर्मांची मोजदाद ठेवणे म्हणजे बुडणाऱ्याच्या हातात आणखी ओझे देणे आहे. येशूशेजारी क्रुसावर खिळलेल्या गुन्हेगाराला भरपाई करायला वेळ नव्हता, हातपाय मोकळे नव्हते. त्याने येशूकडे फक्त ‘माझी आठवण करा’ एवढेच मागितले. त्याला मिळालेले वचन अपवाद म्हणून बाजूला ठेवण्याची सवय धर्मोपदेशकांनी सोडावी असे मला वाटते. तो नियमाचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे, कारण त्यात कृपेखेरीज दुसरे काहीही मिसळायला जागाच उरलेली नाही.

आणि एक गोष्ट आज फार बोकाळली आहे. विश्वासालाच कर्म बनवण्याची. तुम्ही पुरेसा विश्वास ठेवला तर आजार जाईल, कर्ज फिटेल, भरभराट होईल, असे सांगणारे प्रचारक मोठमोठ्या सभांतून बोलतात. आजार हटला नाही की दोष रोग्याच्या माथी येतो: तुझाच विश्वास कमी पडला. कर्करोगाने शेवटच्या टप्प्यात पोचलेल्या आईच्या उशाशी बसलेल्या मुलांना हे ऐकवले जाते, आणि आई गेल्यानंतरही ती मुले आपण त्या रात्री आणखी कळकळीने प्रार्थना करायला हवी होती का, याचा विचार करत राहतात. याला मी पापच म्हणेन. दंडमाफीच्या पेटीत निदान नाणे पडत होते आणि ते मोजता येत होते. इथे माणसाच्या मनातली खात्री हीच किंमत ठरवली गेली आहे आणि ती कधीच पुरेशी भरत नाही. मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. अर्धा विश्वास, अर्धा अविश्वास, आणि तरीही मुलगा बरा होतो. विश्वासाचे बळ विश्वास ठेवणाऱ्याच्या मुठीत नसते. तो ज्याच्यावर ठेवला त्याच्यात असते. ऑगस्टीनपासून ल्यूथरपर्यंत कृपेचा पक्ष घेणाऱ्यांनी हे सांगितले, आणि तरी त्यांचीच नावे घेणाऱ्या व्यासपीठांवरून विश्वासाची तोळामाशाने मोजणी चालते.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाचा उपयोगही असाच एकांगी केला जातो. भुकेल्याला खायला दिले, परक्याला घरात घेतले, तुरुंगात भेटायला आले, या कर्मांवरून तिथे निवाडा होतो हे खरे, आणि विश्वासाच्या नावाखाली तो उतारा बोथट करणाऱ्यांचे मी समर्थन करणार नाही. पण उजवीकडच्या लोकांचे उत्तर नीट ऐकावे. ते विचारतात की प्रभू, आम्ही तुम्हांला कधी भुकेले पाहिले? त्यांच्याजवळ वही नाही. आपण तारणासाठी काही साठवतो आहोत हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. समोर भुकेला होता म्हणून त्यांनी खायला दिले. कर्मांवर निवाडा आणि पुण्याच्या हिशेबाचा संपूर्ण अभाव या दोन्ही गोष्टी एकाच दृश्यात आहेत. ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही अशा सज्जनांचे काय, या प्रश्नाचेही थोडे उत्तर मला इथेच दिसते. सर्व राष्ट्रे त्या सिंहासनापुढे जमलेली आहेत आणि आपण राजाला भेटलो होतो हे उजवीकडच्यांना ठाऊकच नाही. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने अशा माणसांनाही तारण मिळू शकते अशी दिशा घेतली. देवाच्या कृपेला कुंपण घालणे हे विश्वासणाऱ्याचे काम नव्हे, असे मी मानतो.

शेवटी लूकच्या शुभवर्तमानातला जक्कयाचा प्रसंग. यरीहो शहरातला तो मुख्य जकातदार, श्रीमंत, लोकांना नाडून पैसा केलेला, ठेंगणा असल्यामुळे गर्दीत दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याला हाक मारतो आणि म्हणतो की आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. इथे कोणतीही अट नाही. आधी पैसे परत कर, मग येतो, असे येशू म्हणत नाही. लोक कुरकुर करतात ती याच कारणाने. मग घरात जक्कय उभा राहून सांगतो की माझी अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देतो आणि कोणाला फसवून काही घेतले असेल तर ते चौपट परत करतो. लेवीय पुस्तकाच्या नियमाप्रमाणे फसवून घेतलेली रक्कम आणि वर पाचवा हिस्सा दिला तरी भागले असते. चौपट भरपाई चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढरासाठी सांगितलेली होती. जक्कयाने स्वतःला चोराच्या रांगेत बसवले. आणि हे बोलून झाल्यावर येशू म्हणतो की आज या घराला तारण झाले आहे. भेट आधी, भरपाई नंतर, आणि तारणाचा उच्चार भरपाईच्या शब्दानंतर. भरपाईने भेट विकत घेतली नाही, पण भरपाईवाचून त्या भेटीचा स्वीकार झाला असेही लूक आपल्याला सांगत नाही.

हा क्रम आज सर्वांत जास्त गरजेचा आहे तो चर्चच्या आवारात झालेल्या अत्याचारांच्या बाबतीत. अनेक देशांत धर्मगुरूंनी आणि संस्थाचालकांनी मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार दडवले गेले, दोषींच्या बदल्या झाल्या, आणि पीडितांना सांगितले गेले की क्षमा करणे हेच ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. कृपेचा शब्द ज्याला ऐकवायला नको होता त्या आरामात बसलेल्या दोषीला तो लगेच ऐकवला गेला, आणि कर्माचा बोजा ज्याच्यावर टाकायला नको होता त्या जखमीवर टाकला गेला. यात पौलाचेही ऐकले गेले नाही आणि याकोबाचेही. देव त्या दोषीलाही क्षमा करू शकतो हे मी नाकारत नाही. नाकारले तर क्रुसावरच्या गुन्हेगाराचे वचन मला पुसावे लागेल. पण अशा प्रकरणात मंडळीने दोषीकडून पदत्याग, कायद्यापुढे कबुली आणि पीडिताची भरपाई या तीन गोष्टी मागितल्याच पाहिजेत, आणि संस्थेने स्वतःच्या तिजोरीतून आपला वाटा उचलला पाहिजे. त्या मागितल्याने कृपेचा अवमान होतो असे जे सांगतात त्यांनी जक्कयाच्या घरी येशूने तारणाचा शब्द कोणत्या वाक्यानंतर उच्चारला ते पुन्हा वाचावे.